सातचा फोन

दोन दिवस आईचा मोबाईल बंद लागत होता. शेजारपाजार ऊसतोडीला गेलेला, चौकशी तरी कोणाकडे करणार? रजा टाकून, एसटी, जीप बदलत एस्तेर पिंपरीहून पाथर्डीजवळच्या माहेरी धडकली, तर आई निवांत शेंगा फोडत बसलेली. मोबाईल कपाटात, साडीच्या घडीत, बंद! “चार्जिंग उगं कशाला घालवायचं? तुझा फोन आला की चालू करते.” “अगं आई, बंद मोबाईलवर फोन येईल कसा? कितीदा शिकवू?” एस्तेर कडाडली. कोपऱ्यातल्या लँडलाइनच्या तांब्याच्या तारा काढून नेल्याला तीन महिने झाले, तरी आईने फोनवर धुतलेला क्रोशाचा रुमाल घातलेला. “आधी हे डबडं फेकते, आई!” सात वाजले. एस्तेरचा रोजचा फोन यायची वेळ. आई पदराला हात पुसत फोनजवळच्या खुर्चीत बसली आणि लेकीकडे बघून म्हणाली, “हां, बोल. बरी हायेस ना?”