मुखपृष्ठाचं मुद्रित

मेंदूतज्ज्ञ मेहुण्याच्या पत्राला मी उत्तरच दिलं नव्हतं. सोबत त्याच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठाचं मुद्रित होतं. “भावोजी, तुम्ही जन्मभर मुद्रितं तपासलीत. एकदा नजर टाका. मी दहादा वाचलंय. कळवलं नाहीत तर बिनचूक समजून छापतो.”

‘मेदू पाहतो कसा?’ असं छापलं होतं. मेंदूवरचा अनुस्वारच गायब!

पण एवढ्या विद्वानाला मी काय शिकवणार? शास्त्रात तसंच लिहीत असतील.

“माझ्या भावाच्या चुका काढू नका हं,” बायकोनेही बजावलं.

काल पुस्तक आलं. पहिल्याच पानावर त्याचा सिद्धान्त होता : मेंदूतला दृष्टीचा भाग समोर असतं ते पाहत नाही, अपेक्षित असतं तेच पाहतो.

आज उत्तर टपालात टाकलं.


“सिद्धान्त पटला. पुरावा मुखपृष्ठावरच छापलास, हे फार बरं केलंस.”