सोमवारच्या सह्या

"परवान्याचं पुस्तक नेतो म्हणतं? ने ना गा, कोण अडवते तुले?" कारखान्याचे मॅनेजर गिरिधर सर म्हणाले आणि टेबलावरचं पत्र त्यांनी हळूच स्वतःकडे ओढून घेतलं. "मग हे पत्र नवीन माणूस आल्यावर घेऊन जाजो."

सुमंतची नजर पत्रावरून हलेना. कंपनीनं त्याला नोकरीतून मोकळं केल्याचं ते पत्र होतं. हिंगण्याच्या नव्या कंपनीला ते उद्या सकाळी दहापर्यंत हवं होतं, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार होती. सात मुलाखतींनंतर लागलेली ही एकच नोकरी.

बुटीबोरीच्या या कापड रंगवण्याच्या कारखान्यात तो सुरक्षा अधिकारी होता. पाळ्या तीन, टाक्या अकरा आणि अधिकारी एकटा. सांडपाण्याच्या टाकीत गाळ उपसायला माणूस उतरवायचा, तर नियम साधा होता. यंत्र दोरीनं आत सोडायचं, विषारी वायू नाही ना म्हणून हवा तपासायची, मग परवान्यावर सही करायची. नियम करणाऱ्याचं काय जातं! सुमंत जेवायला बसला की फोन, आंघोळीला गेला की फोन. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मुलगी स्टेजवर गात होती आणि हा बाहेर जिन्यात उभा राहून "येतो, येतो" म्हणत होता. चौतिसाव्या वर्षी रक्तदाबाची गोळी सुरू झाली, तेव्हा एका सोमवारी त्यानं आपल्या मते शहाणपणा केला. कोऱ्या परवान्यांच्या अख्ख्या पुस्तकावर सह्या ठोकल्या आणि ते सुपरवायझर भैय्याजींच्या हवाली केलं. नाव, वेळ, हवेचे आकडे त्यांनीच भरायचे. फोन थांबले. मग पुस्तक संपलं की येणाऱ्या सोमवारी तेच. भैय्याजी खूश, गिरिधर सर खूश, फायली टकाटक. खोटं कशाला बोला, सुमंतही खूश होता.

राजीनामा मंजूर झाला आणि त्याला ते पुस्तक आठवलं. पुस्तकात बावीस पानं उरली होती. ती परत घ्यायला तो आज आला होता.

"दोन वर्षांत काही झालं काय?" गिरिधर सरांनी विचारलं.

"नाही सर. पण मी इथं नसताना माझ्या सहीवर..."

"सह्या कोण पाहते गा? नवीन माणूस यायले महिना लागते. तोवर टाक्या तुंबू देऊ काय?"

अशा वेळी माणूस स्वतःचा फार चांगला वकील होतो. सुमंतनं मनातल्या मनात बाजू मांडली. टाकी भरली की माणसं उतरणारच, सही असो नसो. पोटासाठी आलेला माणूस परवाना वाचत बसत नाही. कागद फायलीसाठी असतो. माझ्या सहीमुळे कोणी उतरत नाही आणि सहीवाचून कोणी थांबतही नाही. निकाल त्याच्याच बाजूनं लागला. त्यानं हात पुढे केला आणि पत्र घेतलं.

हवा तपासायचं यंत्रही त्यानं जमा केलं. त्याची बॅटरी मे महिन्यातच गेली होती. यादीत मात्र त्याच्यापुढे 'चालू' असं लिहिलेलं होतं. सुमंतनं त्या यादीवरही सही केली.

साडेपाचच्या कंपनीच्या बसमध्ये त्याला खिडकीची जागा मिळाली. 'पत्र मिळालं', असं त्यानं बायकोला, दीप्तीला कळवलं. सुटलो, असं त्यानं स्वतःलाही दोनदा सांगून पाहिलं.

खापरीच्या अलीकडे फोन वाजला. अंकुशचा होता. अंकुश भिवापूरकडचा, ठेकेदाराच्या गाळ उपसणाऱ्या चौघांतला म्होरक्या. काम चोख, पण टाकीजवळ गेला की दहा प्रश्न विचारायचा. भैय्याजी त्याला 'भित्रा भागूबाई' म्हणून चिडवायचे.

"सर, भेट नाही झाली तुमची. म्हटलं, फोन तरी करू."

"कुठं आहेस तू?"

"पाच नंबरच्या टाकीवर. उतरून राहिलो आता."

सुमंत ताडकन उभा राहिला. "अंकुश, थांब! उतरू नको!"

पलीकडे पंप धडधडत होता. अंकुशला काहीच ऐकू जात नसावं. तो आपल्याच नादात बोलत होता.

"बाकीचे तिघं आधीच उतरले, सर. आवाज देऊन राहिलो तं एकही ओ देत नाही. पंपाचा आवाज लय हाये ना. मी चाललो आता पाहाले."

"अंकुश!" सुमंत इतक्या जोरानं ओरडला की ड्रायव्हरनं बस कडेला घेतली.

"फोन वरतंच ठेवा लागते, म्हणून आधीच बोलून घेतो. माहा मोठा भाऊ असाच टाकीत गेला, सर. तवापासून सही पाह्यल्याबिगर मी उतरत नाही अन् कोणाले उतरू देत नाही. आज भैय्याजीले साफ सांगितलं होतं, सुमंत सर चालले, नवीन साहेब येईपर्यंत आमी चौघं टाकीत पाय ठेवत नाही. मंग त्यानं तुमची सही दाखवली. मीच त्या तिघाईले म्हटलं, उतरा बिनधास्त, सर जाता जाता बी आपल्यासाठी हवा पाहून गेले."