सात नंबरचा पिंजरा

सात नंबरच्या पिंजऱ्यातला कुत्रा दोन वर्षं दिसेल त्याच्यावर भुंकत होता, म्हणून शेल्टरमधून त्याला घरी न्यायला कुणी धजत नव्हतं. आज मात्र एक गृहस्थ समोर येऊन उभे राहिले आणि तो एकदम गप्प झाला. जाळीतून जीभ बाहेर काढून त्यांचा हात चाटू लागला. शेपूट थांबेना.

"बघितलंत ना ताई?" गृहस्थ शेल्टरच्या बाईंना म्हणाले. "जनावराला माणूस बरोबर कळतो. आमच्या हिला हेच पटत नाही."

"खरंय. आजवर यानं कुणाला जवळ फिरकू दिलं नव्हतं."

"मग मागच्या जन्मीचं काहीतरी असणार," म्हणत गृहस्थ खुशीत फॉर्म भरायला बसले.

ताईंनी रिवाजाप्रमाणे फॉर्मवरचा फोन नंबर जुन्या वहीत ताडून पाहिला. पाळलेलं जनावर इथे आणून सोडणाऱ्यांची ती वही होती. असा माणूस पुन्हा न्यायला आला, तर त्याला द्यायचं नाही, हा शेल्टरचा नियम. नंबर सापडला. दोन वर्षांपूर्वीची नोंद होती: तीन महिन्यांचं पिल्लू, पिंजरा नंबर सात. सोडण्याचं कारण गृहस्थांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, 'अजिबात भुंकत नाही.'

ताई पिंजऱ्याकडे बघत राहिल्या. शेपूट अजून हलतच होती.

"आणि याचं नाव काय हो?" गृहस्थांनी फॉर्मवरून मान वर न करता विचारलं.

"तुम्ही ठेवलं होतं तेच."