कुठेतरी शॉर्ट आहे

नवे ट्रान्झिस्टर घालून गिटारची पहिली तार छेडली आणि माझा अँप्लिफायर पुन्हा जळला.

"सोड गं हा नाद," बाबा शिलाई मशीनवरची मान वर न करता म्हणाले. "तुला नाही झेपायचं."

"झेपवून दाखवते."

पुन्हा ट्रान्झिस्टर बदलले. या वेळी अँप्लिफायर थेट प्लगमध्ये न लावता मध्ये साधा बल्ब जोडला. कुठे शॉर्ट असेल, तर ट्रान्झिस्टर जळण्याऐवजी बल्ब पेटतो. स्पीकरशिवाय बल्ब मंदच राहिला, म्हणजे माझं काम चोख होतं. स्पीकरची वायर जोडून तार छेडली मात्र, आणि बल्ब भडकला!

मग मी त्या वायरीवरून हळूहळू बोट फिरवलं. मधोमध काहीतरी टोचलं. डोकं छाटलेली टाचणी होती, वायरीच्या आरपार घुसवलेली.

ती उपसली आणि बाबांच्या मशीनवरच्या टाचण्यांच्या उशीत नेऊन खोचली. मशीन थांबलं.

"पुढच्या वेळी वायरीत टाचणी नको, बाबा. कानात बोळे घाला," मी म्हटलं आणि आवाज शेवटपर्यंत वाढवला.