तेवढी ओळ

“तेवढी ओळ सोडा, बाई,” रामकिसन हळू आवाजात म्हणाला. “बाकीचं सगळं बराबर वाचा.”

उमाने कागदावरून मान वर केली. ओसरीवर दोघंच होती. रामकिसनचा धाकटा भाऊ काकासाहेब पंचांना बोलवायला गेला होता. दोघा भावांची वाटणी व्हायची होती. त्यासाठी बापाची पेटी उघडली, तर तळाशी हा कागद निघाला. निजामाच्या काळातला, पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा, सगळा उर्दूत. घरात कुणाला त्यातलं अक्षर लागत नव्हतं. पंचांसमोर वाचायच्या आधी उमाने तो मनात वाचून घेतला. रामकिसनने विचारलं म्हणून त्याला सांगितलंही. विहिरीकडचं अडीच एकर रान बापाने थोरल्या लेकीच्या नावे करून दिलं होतं.

थोरली लेक म्हणजे सोनूबाई. बाराव्या वर्षी विधवा होऊन परत आली, ती तेव्हापासून याच घरात राबत होती. आत्ता ती आत चहा टाकत होती.

“त्यांना माहीत नाही हे?” उमाने विचारलं.

“आक्काला आम्ही काय कमी केलं? तिला काय करायचं रान?” रामकिसन जवळ सरकला. “हे बघा, गावात असे कागद घरोघर पडून हायेत. मी सरपंच हाये. मी एक शब्द टाकला तर सगळेच्या सगळे तुमच्याकडं येतील.”

उमा दीड महिना याच शब्दाची वाट बघत होती.

उर्दू तिला वडिलांनी शिकवली होती. वामनराव निजामाच्या तहसिलीत कारकून होते. ते गेल्यावर जाफराबादेत आई आणि ती, दोघीच उरल्या. तहसिलीसमोर बसून लोकांचे अर्ज लिहिणारा बद्रीनाथ तिला जुने कागद घरी आणून द्यायचा. ती वाचून मराठीत उतरवून द्यायची. लोकांना वाटायचं, बद्रीनाथच वाचतो. आठ वर्षं असंच चाललं. एकदा ती म्हणाली, खाली माझं नाव टाकत जा. तो हसला. “कागद वाचल्याशी मतलब. नाव कशाला पाह्यजे?” दुसऱ्या दिवशी तिने त्याने आणलेले कागद तसेच परत पाठवले.

मग ती स्वतः काम शोधायला निघाली. एसटीने बाजाराच्या गावांना जायची. राजूरला चतुर्थीच्या गर्दीत गणपतीच्या पायऱ्यांपाशी बसली. लोक थांबायचे, बाईमाणूस उर्दू वाचतं याचं नवल करायचे आणि दर्शनाला निघून जायचे. कागद कुणी काढत नव्हतं. तिथेच काकासाहेबाने तिला पाहिलं आणि घरी यायला सांगितलं. दीड महिन्यातलं हे पहिलं काम. आईने तर काल विचारलंच होतं, बद्रीनाथला निरोप पाठवू का म्हणून.

पंच आले. सतरंजीवर बसले. सोनूबाई चहा घेऊन आली आणि कप वाटून उंबऱ्याशी उभी राहिली. रामकिसनने उमाकडे पाहून मान हलवली.

उमाने कागद मांडीवर सपाट केला. तारीख वाचली, बापाचं नाव वाचलं, शिवार आणि हद्दी वाचल्या. मग ती ओळ आली. तिचा आवाज खाली आला नाही.

“विहिरीच्या अंगाचं अडीच एकर रान माझी मुलगी सोनूबाई हिला मी राजीखुशीने दिलं आहे. तिच्या भावांनी त्यात हात घालू नये.”

सोनूबाई पदराला हात पुसत पुढे आली.

“माझं नाव लिव्हलंय? कुठं?”

उमाने त्या शब्दावर बोट ठेवलं. सोनूबाई वाकून बराच वेळ बघत राहिली. तिला मराठीसुद्धा वाचता येत नव्हतं.

“बाबानं कधी सांगितलं न्हाई,” ती म्हणाली.

“सांगतील कसं? तसं काही न्हाईच त्यात!” रामकिसन ताडकन उठला. “या बाईला उर्दू येतच न्हाई. अंदाजपंचे काहीही वाचून राह्यली.” त्याने कागदाला हात घातला, पण पंचांतल्या श्रीपती आबांनी तो आधीच उचलला होता. म्हाताऱ्याने घडी घातली आणि सोनूबाईच्या हातात दिली.

उमा चप्पल घालत होती, तेव्हा रामकिसन तिच्या मागे आला.

“याद राखा. या गावचा एक कागद तुमच्याकडं येणार न्हाई.”

“नका पाठवू,” उमा म्हणाली. “दुसरी गावं आहेत.”

फाट्यावर तिला दोन तास बस मिळाली नाही. तिने पिशवीतून वही काढली आणि पुढच्या आठवड्यात कुठले बाजार भरतात, ते लिहून काढलं.

नऊ दिवसांनी सकाळीच दार वाजलं. सोनूबाई होती. पहिल्या बसने आली होती. कागद तिने पोटाशी धरला होता.

“तहसिलीत द्यायला मराठीत लिहून पाह्यजे, बाई.”

“या ना, आत या.”

“एकटी न्हाई आले.” सोनूबाई बाजूला झाली. फाटकाशी पाच जणी उभ्या होत्या. एक तर लेकरू कडेवर घेतलेली. कुणाजवळ फडक्यात बांधलेला कागद होता, कुणाजवळ बिस्किटाचा डबा. एकीजवळ काहीच नव्हतं, पण तीही आली होती.

उमाने दार पूर्ण उघडलं. “सरपंचांनी तर सांगितलं होतं, गावातून कुणी येणार नाही.”

“गडीमाणसं न्हाई आली,” सोनूबाई म्हणाली. “पण भाऊ ह्यांना बी हायेत.”