एवढंसं कुळ

"पुन्हा वाच," बाबा म्हणाले. "माझ्या कुळाचं काय करा म्हणतोय हा?"

मुलीने पान वर धरलं. "'हे वेगळं कुळ मानायला आधार नाही. ते रद्द करून त्यातल्या चारही जाती शेजारच्या मोठ्या कुळात घालाव्यात.'"

बाबांनी खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. कोळ्यासारखे दिसणारे, पण कोळी नसलेले हे लांब पायांचे जीव त्यांनी उमेदीची सगळी वर्षं दगड उलथून गोळा केले होते. मागच्या पायाचं नख दुभंगलेलं, एवढ्या एका खुणेवर त्यांनी प्राण्यांच्या वर्गीकरणात हे एवढंसं कुळ उभं केलं होतं.

आता नजर गेली होती. शोधपत्रिकेने लेखकाचं नाव झाकून हा लेख त्यांच्याकडे तपासायला पाठवला, तेव्हा वाचून दाखवायला मुलगीच उरली. तीही याच विषयातली.

"दुसऱ्या कुणाला तरी तपासू दे, असं म्हटलं होतं मी," ती म्हणाली.

"माझं घर पाडायला निघालेत आणि मी गप्प बसू? पुढे वाच."

"'दुभंगलेलं नख फक्त पिल्लांना असतं. शेवटची कात टाकली की ते सरळ होतं. मूळ नमुने पूर्ण वाढलेले नसावेत.'"

"म्हणजे मला पिल्लू ओळखता आलं नाही!" बाबा कडाडले. "कोण हा दीडशहाणा? नमुने तरी किती पाहिलेत त्याने?"

"छत्तीस," ती म्हणाली. मग पान उलटून आकड्यावर बोट ठेवलं.

"मेलेले?"

"नाही. अंड्यापासून वाढवलेले. नख बदलताना पाहिलंय."

बाबांनी डोळे चोळले, जणू चोळून दिसणार होतं. आतून आईने जेवायला हाक मारली. कुणी उठलं नाही.

"मीही वाढवायला घेतले होते," ते चिडून म्हणाले. "एक जगेल तर शपथ! कंटाळून नाद सोडला. चुकलंच."

तिने पान खाली ठेवलं.

"बसलीस काय? अभिप्राय लिही. कुळ रद्द करावं. लेख छापावा."

तिची बोटं कळफलकावर थबकली. "बाबा, नक्की?"

"नक्की. आणि तिसऱ्या परिच्छेदात मादीच्या जागी नर लिहिलंयस, तेवढं नीट कर."