लांबची लेन्स

सकाळी दहाला स्वीडनमधल्या उप्साला शहरातल्या दुकानात स्टेलानने पहिलावहिला डीएसएलआर कॅमेरा निवडला, लेन्स ठरेना. “फोटो कुणाचे काढणार?” विक्रेतीने विचारलं. “मुलीचे. आज तिचा शाळेचा शेवटचा दिवस.” “मग जवळची घ्या. आपल्या रीतीप्रमाणे लेकीच्या बाळपणीच्या फोटोचा फलक धरून आईबाप शाळेच्या दाराशी पुढेच असतात. धावत अंगावरच येईल ती!” “लांबची द्या.” “अहो, लेक आहे की हरीण?” तो हसला नाही. घर सोडल्यापासून त्याने तिला फोनही केला नव्हता; आजचं बोलावणंही नव्हतं. दुपारी तो शाळेसमोरच्या झाडाआड थांबला. शाळा संपल्याच्या पांढऱ्या टोप्या घातलेली मुलं बाहेर धावली. लेन्समधून मुलीच्या आईच्या हातातला फलक दिसला. तान्ह्या लेकीला धरणारा माणूस फोटोतून कापलेला. हात मात्र राहिले होते, मनगटावरच्या घड्याळासकट. स्टेलानने बाही ओढून तेच घड्याळ झाकलं. मुलगी अजून गर्दीत कुणाला तरी शोधतेय. कॅमेऱ्यात एकही फोटो नाही.